आधीपासूनचे आजार आणि आरोग्यविमा: वेटिंग पिरियड पूर्णच काढून टाकावा का?

ओंजळ

१ एप्रिल २०२४ पासून इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या नियामक संस्थेने, आधीपासूनच्या आजारांसाठीचा (पुढे पीईडी म्हणते) वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजाराचा खर्च न मिळण्याचा काळ, जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघेबदल अशा ठरावीक आजारांचा वेगळा वेटिंग असतो, त्याची कमाल मर्यादाही ३६ महिने झाली. मोरेटोरियम (ज्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही तो काळ) आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आला. नवीन पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची अट गेली. तेव्हापासून अनेक जण विचारतात की ३६ महिने तरी का ठेवायचे? शून्यच करा ना.

माझ्या मते प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातोय. मधुमेह, बीपी, हृदयविकार किंवा कर्करोग होऊन गेलेल्या माणसासमोर तीन भिंती असतात. पहिली दारातच. कंपनी प्रपोजल (विम्याचा अर्ज) नाकारू शकते आणि नाकारते. दुसरी वेटिंगची. तिसरी क्लेमच्या वेळची, म्हणजे ‘तुम्ही हे सांगितलं नव्हतं’. सुधारणांनी दुसरी भिंत चांगलीच उतरवली, तिसरीही काही प्रमाणात. पहिली जशीच्या तशी उभी आहे. वयाची अट गेली याचा अर्थ कंपनीने प्रत्येक वयासाठी काहीतरी विकायला ठेवलं पाहिजे, एवढाच. समोर आलेल्या ७२ वर्षांच्या मधुमेही बाईंना ते द्यायलाच हवं, असा नियम कुठेही नाही.

वेटिंग शून्य केला आणि दार तसंच ठेवलं, तर कंपन्या दारातच जास्त लोक परत पाठवतील. जाणकारांनी यावर लिहावं. अनुभवकथनापेक्षा नियम, आकडे, कागदपत्रं यावर भर ठेवू या, म्हणजे धागा पुढे शोधणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

हिशोबनीस

ओंजळताई, मांडणी पटली. गणिताची बाजू मी मांडतो.

समजा १०० जणांचा गट आहे. ८० निरोगी, प्रत्येकी वर्षाला सरासरी अपेक्षित खर्च ६,००० रुपये. २० जणांना जुने आजार, प्रत्येकी सरासरी ४०,०००. (आकडे केवळ उदाहरणाचे.) एकूण खर्च ४,८०,००० अधिक ८,००,०००, म्हणजे १२,८०,०००. सगळ्यांना एकच दर लावला तर माणशी १२,८००. व्यवस्थापनखर्च आणि कमिशन अजून धरलेलंच नाही.

आता सक्ती नाही आणि वेटिंगही नाही. निरोगी माणूस म्हणतो, ६,००० च्या जोखमीसाठी १२,८०० का भरू? आजारी पडलो की त्या दिवशी घेईन. ८० पैकी ४० गेले. उरलेल्या ६० जणांचा खर्च १०,४०,०००, दर १७,३३३. तो बघून आणखी ३० निरोगी गेले. आता ३० माणसं, खर्च ८,६०,०००, दर २८,६६७. या टप्प्यावर ज्या आजारी लोकांसाठी हे सगळं केलं, त्यांच्यातले गरीब आधी बाहेर पडतात.

हे कागदी गणित नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९९३ मध्ये जवळपास हेच केलं: कुणालाही नाकारायचं नाही, सगळ्यांना एकच दर, आणि विमा घेण्याची सक्ती मात्र नाही. वैयक्तिक पॉलिसींचा बाजार तिथे आक्रसत गेला आणि दर देशातल्या सर्वांत महागांमध्ये जाऊन बसले. म्हणून २०१० चा अफोर्डेबल केअर कायदा आणताना त्यांनी तीन गोष्टी एकत्र बांधल्या: १ जानेवारी २०१४ पासून पीईडीवरून नकार नाही आणि जादा दरही नाही, विमा न घेणाऱ्याला दंड, आणि कमी उत्पन्नवाल्यांना सरकारी अनुदान. दंड पुढे २०१९ पासून शून्य झाला, तरी बाजार कोसळला नाही. कारण अनुदान टिकलं, आणि वर्षात ठरावीक आठवड्यांतच विमा घेता येतो हा नियमही टिकला. आजारी पडल्या दिवशी घेता येत नाही.

वेटिंग पिरियड आपल्याकडे त्या दंडाचं आणि ठरावीक खिडकीचं काम करतो. तो काढायचा असेल तर त्याच्या जागी काय ठेवणार, हे आधी सांगावं लागेल.

आडवाट

गणित बरोबर, पण निष्कर्षाची घाई होतेय. पीईडी पहिल्या दिवसापासून कव्हर होणं आपल्या देशात आजही सर्रास चालू आहे. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसी घ्या. बहुतेकांत वेटिंग माफ असतो, आई-वडिलांनासुद्धा. का परवडतं? कारण तो गट विमा घेण्यासाठी जमलेला नसतो, नोकरीसाठी जमलेला असतो. त्यात निरोगी-आजारी आपोआप मिसळलेले असतात.

दुसरं उदाहरण आयुष्मान भारत योजनेचं. २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख, पीईडी पहिल्या दिवसापासून. तिथेही निवड माणसाने केलेली नाही, यादीने केली आहे.

तिसरं म्हणजे खासगी कंपन्यांचे रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायच्या पुरवण्या. जादा प्रीमियम भरा, मधुमेह, बीपी, दमा, कोलेस्टेरॉल अशा आजारांचा वेटिंग वर्षावर किंवा ३० दिवसांवर आणतो, असं त्या स्वतःच म्हणतात. म्हणजे या आजारांची किंमत त्यांना काढता येते. मग ती उघडपणे काढावी. ‘तुमच्या आजाराचं लोडिंग (जोखमीपोटीचा जादा प्रीमियम) इतकं, घ्यायचं तर घ्या’ असं प्रत्येकाला सांगणं बंधनकारक करावं. नुसतं ‘नाही’ म्हणायची मुभा काढून घ्यावी.

पाऊलखुणा

वाचतेय, छान चर्चा. एक मूलभूत प्रश्न. पीईडी नेमकं कशाला म्हणायचं? तपासणीत साखर काठावर आली पण औषध सुरू नाही, तर तो पीईडी का? दहा वर्षांपूर्वी पित्ताशय काढलं, आता काहीच त्रास नाही, तर तो पीईडी का? आणि एखाद्याला आपल्याला आजार आहे हेच माहीत नसेल तर?

कलम_चौतीस

व्याख्या अशी: पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा त्याच काळात डॉक्टरने सल्ला वा उपचार सुचवलेला किंवा दिलेला आजार, दुखापत अथवा व्याधी. पूर्वी हा मागे बघण्याचा काळ ४८ महिने होता.

आता तुमचे तीन प्रश्न.

काठावरची साखर: डॉक्टरने कागदावर ‘प्री-डायबेटिक, आहार पाळा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा’ असं लिहिलं असेल तर सल्ला दिला गेला. जाहीर करा. नुसता प्रयोगशाळेचा रिपोर्ट आहे आणि डॉक्टरला दाखवलेलाच नाही, तर व्याख्येत बसवणं अवघड. पण प्रपोजल फॉर्ममध्ये ‘गेल्या काही वर्षांत कुठल्या चाचणीत दोष आढळला का’ असा प्रश्न असतो. त्याचं उत्तर ‘हो’ च.

दहा वर्षांपूर्वीचं पित्ताशय: व्याख्येनुसार पीईडी नाही. तरीही सांगायचं. इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. पीईडीची व्याख्या ३६ महिने मागे बघते, पण प्रपोजल फॉर्म बहुधा विचारतो, ‘आजवर कधीही शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयात दाखल?’ व्याख्येवरून वेटिंग ठरतो, आणि फॉर्ममधल्या उत्तरावरून पॉलिसी टिकते की रद्द होते ते ठरतं. दोन्ही निरनिराळी आहेत. जुनी शस्त्रक्रिया सांगितल्याने वेटिंग लागत नाही. न सांगितल्याने मात्र ‘माहिती लपवली’ हा शिक्का बसू शकतो.

माहीतच नसलेला आजार: निदान नाही, सल्ला नाही, उपचार नाही, तर पीईडी नाही. पोटात गाठ दोन वर्षं असेलही, पण ती पॉलिसीनंतर पहिल्यांदा कळली तर कंपनीला ‘वैद्यकीयदृष्ट्या ती आधीपासूनच असणार’ एवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही. पहिले ३० दिवस आणि ठरावीक आजारांचा वेटिंग मात्र लागू राहतो.

आणखी एक ओळ सगळ्यांनी पॉलिसीत शोधून वाचा. अपवर्जनांच्या (काय कव्हर होत नाही त्याच्या) यादीत कोड ‘एक्सेल ०१’ खाली असते. वेटिंग संपल्यावर पीईडी कव्हर होईल, पण ‘अर्जाच्या वेळी तो जाहीर केलेला आणि कंपनीने स्वीकारलेला असेल तर’. म्हणजे न सांगता तीन वर्षं गप्प राहिलो की आपोआप कव्हर मिळतं, ही समजूत चुकीची आहे. तिथेच ‘आणि त्याची थेट गुंतागुंत’ असेही शब्द आहेत. मधुमेह जाहीर केला, वेटिंग चालू आहे आणि मूत्रपिंड बिघडलं, तर कंपनी ते थेट गुंतागुंत म्हणून नाकारू शकते. त्याच मधुमेह्याला डेंग्यू झाला तर वेटिंगच्या नावाखाली नाकारू शकत नाही.

पाऊलखुणा

खूप स्पष्ट झालं, धन्यवाद कलम_चौतीस. ‘व्याख्या निराळी, फॉर्म निराळा’ हे कुणी सांगतच नाही.

केसपेपर

आता तिसऱ्या भिंतीबद्दल, कारण पैसे प्रत्यक्षात अडतात ते तिथे.

क्लेम नाकारण्याची पत्रं पाहिली तर कारणाच्या रकान्यात हॉस्पिटलच्या कागदावरची एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसते: ‘के-सी-ओ एचटीएन, टेन इयर्स’. म्हणजे दहा वर्षांपासून उच्च रक्तदाबाचा ज्ञात रुग्ण. ही ओळ येते कुठून? रात्री कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टर इतिहास विचारतात. रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नसतो. सोबतचा पुतण्या किंवा शेजारी म्हणतो, ‘बीपी आहे, दहाएक वर्षं झाली असतील’. ते अॅडमिशन नोटवर उतरतं, तिथून जसंच्या तसं डिस्चार्ज समरीत जातं, आणि टीपीएचा (कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेचा) डॉक्टर पॉलिसीची तारीख बघून वजाबाकी करतो. पॉलिसी सहा महिन्यांपूर्वीची, बीपी दहा वर्षांचं. क्लेम खलास.

हे टाळण्यासाठी:

दाखल करताना इतिहास सांगणारा माणूस एकच असावा आणि त्याला खात्रीचं तेवढंच सांगू द्या. वर्ष नक्की माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही, जुने कागद आणून दाखवतो’ असं म्हणा. आजार लपवायला मी अजिबात सांगत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरला खरा इतिहास कळणं हा जिवाचा प्रश्न आहे. कालावधीचा अंदाज मात्र ठोकू नका.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी समरीचा मसुदा मागून वाचा. ‘पास्ट हिस्टरी’चा रकाना आणि सध्याच्या आजाराचा कालावधी, हे दोन आधी बघा. चूक असेल तर पहिल्या निदानाचं प्रिस्क्रिप्शन किंवा रिपोर्ट दाखवून उपचार करणाऱ्या डॉक्टरकडूनच दुरुस्त करून घ्या. बिलिंग काउंटरवर खाडाखोड करून घेतलेला कागद उलट संशय वाढवतो.

समरी निघून गेली असेल तर डॉक्टरच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह प्रमाणपत्र घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: मूळ नोंद कुणाच्या तोंडी सांगण्यावरून झाली, पहिलं निदान कुठल्या तारखेचं, आणि ते कुठल्या कागदावरून ठरवलं. ‘नजरचुकीने लिहिलं गेलं’ एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र कंपन्या सहज बाजूला सारतात.

कंपनीचा तपासनीस घरी किंवा वॉर्डात येऊन जबाब घेतो. कोऱ्या किंवा अर्धवट फॉर्मवर सही नको. स्वतःच्या भाषेत स्वतः लिहा, खालची मोकळी जागा रेघ मारून बंद करा, फोटो काढून ठेवा.

आणि कॅशलेस (कंपनीने हॉस्पिटलला थेट पैसे देणं) नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला, असं नसतं. बिल भरा, मूळ कागद घ्या, रीइम्बर्समेंट लावा. कॅशलेस घाईत दिलेला निर्णय असतो. तिथे माहिती अपुरी वाटली की ‘नाही’ म्हणतात.

ओंजळ

केसपेपर, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. यात जोडते: इर्डाच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसचा पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी हॉस्पिटलची विनंती पोचल्यापासून तीन तासांत द्यायची आहे. त्यानंतर उशीर झाल्याने हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर तो भुर्दंड कंपनीच्या भागधारकांच्या निधीतून जायला हवा. शिवाय कुठलाही क्लेम एकट्या टीपीएच्या शब्दावर नाकारता येत नाही. कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट कमिटीची किंवा तीन सदस्यांच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची संमती लागते. नकाराच्या पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम नसेल तर ते लेखी मागा.

दुपारतळ

मोरेटोरियमचा मुद्दा कुणीच घेतला नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून कंपनीला पॉलिसी वा क्लेम आव्हानित करता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. मग खरं सांगणाऱ्याला लोडिंग आणि वेटिंग, आणि खोटं बोलून पाच वर्षं ढकलणाऱ्याला सूट, असं नाही का होत? प्रामाणिक माणसावर हा अन्याय वाटतो.

कलम_चौतीस

दुपारतळ, अन्याय उलट बाजूला जास्त होता, म्हणून हा नियम आला. बारा-पंधरा वर्षं हप्ते घेऊन झाल्यावर, पहिला मोठा क्लेम आला की तेव्हाचा फॉर्म उकरून काढायचा, ही पद्धत बंद करण्यासाठी. तपासायचं असेल तर पहिल्या पाच वर्षांत तपासा.

खोटं बोलणाऱ्याला पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका आला तर तो सगळंच गमावतो. भरलेले हप्तेसुद्धा बहुधा परत मिळत नाहीत. आणि फसवणूक सिद्ध करायची वाट कंपनीला ६० महिन्यांनंतरही मोकळीच असते. खोटे रिपोर्ट जोडणं, दुसऱ्यालाच तपासणीला पाठवणं हे त्यात येतं. सिद्ध करण्याचं ओझं मात्र कंपनीवर. ‘विसरलो’ आणि ‘फसवलं’ यातला फरक तिने दाखवायचा.

मोरेटोरियमचा अर्थ ‘आता सगळं मिळणार’ असाही नाही. को-पे (बिलातला आपण भरायचा ठरावीक हिस्सा), खोलीभाड्याची मर्यादा, उपमर्यादा आणि कायमची अपवर्जनं तशीच राहतात. विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागाचे ६० महिने वाढवल्या तारखेपासून मोजतात. ५ लाखांची पॉलिसी सहा वर्षं, त्यातली १० लाखांपर्यंतची वाढ गेल्या वर्षीची, तर संरक्षण पहिल्या ५ लाखांनाच.

जाहीर करूनही नाकारलं जातं, त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की अर्जात उघड केलेली वैद्यकीय स्थिती पाहून कंपनीने पॉलिसी दिली, की त्याच स्थितीवरून नंतर क्लेम नाकारता येत नाही. याच न्यायालयाने २००९ मध्ये, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार दडवलेल्या प्रकरणात, कंपनीचा नकार उचलूनही धरला होता. दोन्ही निकाल एकत्र वाचले की लक्षात येतं, फॉर्मवर लिहिलेलं एक वाक्य किती कामाचं असतं.

सायसाखर

फॉर्म एजंटने भरलेला असतो आणि सगळीकडे ‘नाही’ टिचकवलेलं असतं, त्याचं काय करायचं? आता तर ओटीपी दिला की झाली सही.

केसपेपर

पॉलिसी हातात आली की त्याच आठवड्यात प्रपोजल फॉर्मची प्रत उघडायची. ती पॉलिसीसोबत येते, आली नाही तर मागायची. फ्री लुक (पॉलिसी वाचून पटली नाही तर परत करायची मुदत) आता ३० दिवसांचा आहे. त्या काळात चुकीचं उत्तर दिसलं तर कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहा: ‘प्रश्न क्रमांक अमुक, उत्तर नाही असं नोंदलं आहे. वस्तुस्थिती अशी आहे.’ सोबत रिपोर्ट जोडा आणि पोच जपा. एजंटला व्हॉट्सअॅप केलं म्हणजे कंपनीला कळवलं असं धरू नका.

३० दिवस उलटून गेले असतील तरी कळवा. कंपनी लोडिंग लावेल, वेटिंग लावेल, प्रसंगी पॉलिसी रद्दही करेल. ही जोखीम आहेच. पण क्लेमच्या आधी स्वतःहून कळवलेल्या माणसाची बाजू विमा लोकपालासमोर (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) फार वेगळी असते.

हिशोबनीस

पोर्टिंगबद्दल, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याबद्दल, चार ओळी, कारण वेटिंगच्या चर्चेत तो सर्वांत वाया जाणारा हक्क आहे.

पोर्टेबिलिटी ऑक्टोबर २०११ पासून आहे. जुन्या कंपनीत काढलेले वेटिंगचे महिने नव्या कंपनीत मोजले जातात, पण जुन्या विमा रकमेपुरते. नूतनीकरणाच्या तारखेआधी ४५ ते ६० दिवसांच्या दरम्यान अर्ज करा. आता जुन्या कंपनीने माहिती ७२ तासांत द्यायची आणि नव्या कंपनीने पाच दिवसांत निर्णय द्यायचा आहे, तरी पाच दिवसांत ‘नाही’ आलं तर जुनी पॉलिसी चालू ठेवायला हातात वेळ हवा. नव्या कंपनीचं पत्र येईपर्यंत जुनीचा हप्ता चुकवायचा नाही. खंड पडला की साठवलेले सगळे महिने गेले.

नवी कंपनी पोर्टिंग नाकारू शकते. म्हणजे पहिली भिंत इथेही आहेच. आजार झाल्यावर पोर्ट करू म्हणणाऱ्याला ते बहुधा जमत नाही.

नोकरी सोडणाऱ्यांसाठी: ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आधीच्या सलग वर्षांचं श्रेय घेऊन. शेवटच्या दिवसाआधी एचआरकडून मागून घ्या: ग्रुप पॉलिसीचा क्रमांक, तुम्ही आणि प्रत्येक सदस्य सामील झाल्याची तारीख, दरवर्षीची विमा रक्कम, आणि क्लेमचा तपशील. राजीनाम्यानंतर हे कागद मिळणं कठीण होतं.

माळरान_

इतकं सगळं खासगी विम्यावर चाललंय, पण महाराष्ट्रात हातातली योजना कुणी बघत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आयुष्मान भारतशी जोडून चालते. आता सगळ्या रेशनकार्डधारकांना, पांढऱ्या कार्डासकट, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. पीईडी पहिल्या दिवसापासून. आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड. खासगी पॉलिसी असली तरी हे काढता येतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएससारख्या योजनेत असाल तर दोहोंपैकी एक निवडावं लागतं.

मर्यादा माहीत असू द्या: अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयातच, ठरलेल्या पॅकेजमधलेच उपचार, आणि दाखल झाल्यावरच. रोजच्या गोळ्यांचा खर्च यात येत नाही. जायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटून विचारा की *हा विशिष्ट उपचार* इथे योजनेत होतो का. रुग्णालय यादीत असतं, पण त्या शाखेसाठी नसतं, आणि तिथे लोक अडकतात.

आडवाट

माळरान_ यांचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या भिंतीचं उत्तर त्यातच दडलंय. सरकार ७० च्या वरच्या सर्वांना न विचारता घेऊ शकतं, तर ४५ ते ७० मधल्या, ज्यांना खासगी कंपन्या नाकारतात, त्यांच्यासाठी पैसे भरून याच चौकटीत शिरायची वाट का नसावी?

माझी ठोस सूचना. आरोग्य संजीवनीसारखं एक साधं प्रमाणित उत्पादन २०२० पासून प्रत्येक कंपनीकडे आहे. मजकूर सगळीकडे एकच, को-पे ५ टक्के. याच एका उत्पादनात नकार बंद करा. वेटिंग ठेवा, लोडिंग ठेवा, पण लोडिंगला इर्डाने ठरवलेली कमाल मर्यादा हवी. बाकी सगळ्या पॉलिसींत कंपन्यांना मोकळीक राहू दे.

हिशोबनीस

आडवाट, दिशा मान्य, पण एक छिद्र आधी बुजवावं लागेल. नकार बंद केला की कंपनी नाकारण्याऐवजी टाळते. मधुमेह्यांना एजंट फोनच करत नाही, त्या उत्पादनावर कमिशन नगण्य ठेवलं जातं, हॉस्पिटलांचं जाळं आखूड ठेवलं जातं. जी कंपनी प्रामाणिकपणे विकेल तिच्याकडे सगळे आजारी गोळा होतील आणि तीच तोट्यात जाईल.

जर्मनीने १९९४ पासून आणि नेदरलँड्सने २००६ च्या कायद्यात यावर उपाय केला तो जोखीम-समायोजनाचा. ज्या विमा संस्थेकडे वय आणि आजारांमुळे जास्त खर्चाचे सभासद, तिला सामाईक निधीतून जास्त पैसे. निरोगी सभासदवालीला कमी. मग आजारी ग्राहक नकोसा राहत नाही. दोन्ही देशांत विमा सक्तीचा आहे हे खरं. पण तुमच्या एका प्रमाणित उत्पादनापुरता असा निधी आपल्याकडेही करता येईल. त्यासाठी आजारनिहाय क्लेमची माहिती लागते, ती इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे कंपन्या देतातच.

ओंजळ

आणि नकारांची आकडेवारी उघड व्हायला हवी. क्लेम किती नाकारले हे प्रसिद्ध होतं. *प्रपोजल* किती नाकारली, कुठल्या आजारासाठी, कुठल्या वयात, हे ग्राहकाला कंपनी निवडताना कुठेच बघायला मिळत नाही. ज्यांना आत्ता नकार आलाय त्यांनी कारण लेखी मागून ठेवावं. पुढच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘यापूर्वी विमा नाकारला गेला का’ हा प्रश्न येतो आणि त्याचं खरं उत्तर द्यावं लागतं. नेमकं कारण हातात असेल तर नवा रिपोर्ट जोडून बोलता येतं.

दुपारतळ

ज्येष्ठांच्या दराबद्दल कुणी सांगेल का? नकार नाही, पण दरच इतका वाढवला की सोडून द्यावी लागते.

कलम_चौतीस

जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने ६० वर्षांवरच्यांसाठी वार्षिक वाढ १० टक्क्यांपेक्षा जास्त करायची असेल तर आधी आपल्याशी सल्लामसलत करण्याची अट घातली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. नूतनीकरणाच्या नोटिशीत मूळ प्रीमियम आणि कर वेगळे करून बघा. कर गेल्याने एकूण रक्कम तेवढीच दिसते आणि मूळ प्रीमियममधली वाढ नजरेतून सुटते. तुम्ही क्लेम केला म्हणून फक्त तुमच्यावर नूतनीकरणात लोडिंग लावता येत नाही. वाढ झाली तर त्या उत्पादनातल्या सगळ्यांना.

सायसाखर

शेवटचं विचारते. क्लेमला नकार आलाच, तर जायचं कुठे? क्रम सांगा.

केसपेपर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तीच तक्रार नोंदवा, म्हणजे तारीख सरकारी नोंदीत येते. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाख. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. कार्यालय तुम्ही जिथे राहता त्या भागाचं. मुंबई, ठाणे आणि पुणे इथे आहेत. तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका.

लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोग खुला राहतो, तिथली मुदत दोन वर्षांची. निवाडा तुमच्या बाजूने लागून कंपनीने ३० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये तिने तुम्हाला द्यायचे आहेत.

अर्जासोबत पाच कागद या क्रमाने लावा: नकाराचं पत्र, प्रपोजल फॉर्मची प्रत, पहिल्या निदानाचा कागद, डिस्चार्ज समरी, आणि डॉक्टरचं तारखेसह प्रमाणपत्र. वर एका पानात तारखांचा तक्ता: पॉलिसी कधी, पहिलं निदान कधी, दाखल कधी, नकार कधी. सुनावणी काही मिनिटांचीच असते, आणि बहुतेक वेळा तो तक्ताच वाचला जातो.